जुन्या संगणकावर व्हिडिओ बिघडतो तेव्हा : खर्चाआधी दोष ओळखा

आज कापडाचा माल पाहण्यासाठी गिऱ्हाईक पेढीवर येईलच असे राहिलेले नाही. सुरतेचा किंवा इचलकरंजीचा व्यापारी तागा उलगडून त्याचा व्हिडिओ पाठवतो आणि तेवढ्यावर सौदा ठरतो. भरतकामाच्या मशिनवर बसणारा कारागीर धागा वारंवार का तुटतो हे यूट्यूबवर पाहून शिकतो. पण हे सर्व ज्या संगणकावर पाहायचे तो बहुतेक ठिकाणी दहा-बारा वर्षांचा जुना असतो आणि त्यात विंडोज ७ असते. व्हिडिओ लावला की आवाज येतो पण चित्र काळे राहते. किंवा चित्र हिरवे होते, अडखळत चालते, नाही तर सगळा पडदाच क्षणभर मिटून पुन्हा उजळतो.

हा संगणक बदलत का नाहीत, असे कोणी विचारील. त्याचे कारण केवळ कंजूषपणा नव्हे. डिझाइनचे जुने सॉफ्टवेअर त्याच विंडोजवर चालते, त्याला लावायची किल्ली त्याच संगणकाला चालते, हिशेबाचा जुना प्रोग्रॅम आणि मशिनला डिझाइन पाठवण्याची जुनी तारही त्यालाच जोडलेली असते. एक यंत्र बदलायचे तर त्याच्यामागे चार गोष्टी बदलाव्या लागतात.

अशा वेळी दुरुस्तीवाला येतो आणि दोनांपैकी एक गोष्ट सांगतो : "फॉरमॅट मारू" किंवा "नवे ग्राफिक्स कार्ड टाकू." पहिल्या उपायात वर्षानुवर्षांची डिझाइन आणि खातेवही पुसली जाण्याचा धोका असतो. दुसऱ्यात नाहक पैसे जातात आणि पुष्कळदा दोष तसाच राहतो. म्हणून या धड्यात आम्ही एकच गोष्ट समजावून देणार आहोत : दोष नेमका कोठे आहे हे आधी ओळखावे, इलाज मग करावा. ओळखण्यासाठी पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो.

ही रीत आपल्या धंद्याला नवीन नाही. कापडात दोष दिसला की जाणकार माणूस आधी तो उभा आहे की आडवा हे पाहतो. उभा असेल तर ताण्याकडे आणि फणीकडे जातो, आडवा असेल तर बाण्याकडे आणि कांडीकडे. सारा माग कोणी खोलून बसत नाही. संगणकातही हेच करावयाचे आहे.

आपल्याजवळ काय आहे ते आधी लिहून काढा

एक साधी वही घ्यावी. कळफलकावर विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरून 'आर' दाबावे, उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत 'विनव्हर' लिहून एंटर करावे. कोणती विंडोज आहे ते कळेल. त्याच चौकटीत 'डीएक्सडायग' लिहिले की संगणकाची माहिती येते; त्यातील 'डिस्प्ले' या पानावर ग्राफिक्स चिपचे नाव, ड्रायव्हरची आवृत्ती आणि तारीख असते. विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची हेही पहिल्या पानावर दिसते. हे सर्व वहीत उतरवावे किंवा फोनने त्याचे छायाचित्र घ्यावे. इंग्रजीची सवय नसलेल्या कारागिरांनी तर छायाचित्रच घ्यावे, म्हणजे अक्षरांची चूक होत नाही.

आता काही तारखा ध्यानात ठेवाव्यात. विंडोज ७ बाजारात आली ऑक्टोबर २००९ मध्ये. मायक्रोसॉफ्टने तिला सर्वांसाठी दिले जाणारे मोफत साह्य १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले. मोठ्या संस्थांना पैसे भरून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या जानेवारी २०२३ मध्ये संपल्या, आणि त्याच वेळी विंडोज ८.१ चीही मुदत संपली. गूगलचा क्रोम ब्राउझर विंडोज ७ वर १०९ व्या आवृत्तीपर्यंतच चालतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीपासून त्याला किमान विंडोज १० लागते. फायरफॉक्सची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती जुलै २०२३ ची ११५ वी होय. मात्र तिच्या दीर्घ मुदतीच्या, म्हणजे 'ईएसआर' शाखेला मोझिलाने पुढेही सुरक्षा-दुरुस्त्या दिल्या आणि ती मुदत एकाहून अधिक वेळा वाढवली. म्हणून जुन्या विंडोजवर दोहोंपैकी एक निवडायचा तर क्रोम १०९ पेक्षा फायरफॉक्स ११५ ईएसआर बरा.

आणखी एक तारीख : ॲडोब फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील मजकूर चालणेच थांबले. आज कोणत्याही पानावर 'फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे, नवा उतरवा' अशी सूचना दिसली तर ती खोटी समजावी.

कालपर्यंत चालणारा व्हिडिओ आज का अडखळतो?

पुष्कळांची तक्रार असते की संगणक तोच, इंटरनेटची लाइन पूर्वीपेक्षा वेगवान, तरी व्हिडिओ पूर्वीपेक्षा वाईट चालतो. संगणक कमजोर झाला असे त्यांना वाटते. बहुतेक वेळा तसे नसते. बदललेले असते ते व्हिडिओचे बांधणे.

व्हिडिओ मूळ स्वरूपात फार अवजड असतो. तो इंटरनेटवरून पाठवण्यासाठी दाबून बांधावा लागतो, जशी आपण कापडाची गाठ दाबून बांधतो. बांधण्याच्या आणि सोडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. २००३ साली ठरलेली एच.२६४ ही पद्धत सर्वांत प्रचलित. त्यानंतर गूगलची व्हीपी९ ही पद्धत २०१३ मध्ये आणि अनेक कंपन्यांनी मिळून केलेली एव्ही१ ही २०१८ मध्ये आली. नव्या पद्धतीत गाठ लहान होते, पाठवण्याचा खर्च वाचतो. पण सोडायला मेहनत अधिक लागते.

संगणकात ही गाठ सोडणारे दोघे असतात. एक मुख्य प्रोसेसर, जो सर्व कामे करतो पण हे काम सावकाश करतो. दुसरी ग्राफिक्स चिप. तिच्या अंगात ठरावीक पद्धतीच्या गाठी झटपट सोडण्याची सोय कारखान्यातच बसवलेली असते. इंटेलच्या २०११ च्या दुसऱ्या पिढीच्या चिपमध्ये एच.२६४ ची सोय आहे. व्हीपी९ ची पुरी सोय इंटेलने सातव्या पिढीत दिली आणि एव्ही१ ची अकराव्या पिढीत, म्हणजे २०२० मध्ये. ज्याच्या संगणकात तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीची चिप आहे, त्याच्याकडे व्हीपी९ किंवा एव्ही१ ची गाठ आली की सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. पंखा जोरात फिरतो, चित्र अडखळते. यात बिघाड कसलाच नाही, म्हणून कोणताही ड्रायव्हर टाकून हा प्रश्न सुटत नाही.

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांच्यामधला दुभाषी. ब्राउझर विंडोजला सांगतो, विंडोज दुभाष्याला सांगते, दुभाषी चिपला सांगतो. ब्राउझर २०२३ चा, दुभाषी २०१२ चा, असे झाले की काही शब्द त्याला समजत नाहीत. अशा वेळी काळे चित्र, हिरवे चित्र, मिटणारा पडदा हे प्रकार होतात.

पाच परीक्षा

या परीक्षा क्रमाने कराव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही.

पहिली परीक्षा : दोष लाइनचा आहे काय? व्हिडिओ थांबतो, मध्ये चक्र फिरते, आवाज व चित्र दोन्ही एकत्र थांबतात, असे असेल तर बहुधा लाइन मंद आहे. तोच व्हिडिओ त्याच वायफायवर फोनमध्ये पाहावा. फोनमध्येही थांबत असेल तर संगणकाला हात लावू नये. आवाज सरळ चालतो आणि फक्त चित्र बिघडते, तर लाइन निर्दोष आहे. येथेच संगणकाच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी, जिला सीआर२०३२ म्हणतात, संपली की तारीख मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडण्यास नकार देतात. थोड्या रुपयांची ही बॅटरी अनेकांचा घोळ मिटवते.

दुसरी परीक्षा : दोष ब्राउझरचा आहे काय? क्रोममध्ये बिघडत असेल तर तोच व्हिडिओ फायरफॉक्समध्ये पाहावा, आणि उलटही. त्यानंतर फोनने काढलेला एखादा व्हिडिओ पेन ड्राइव्हने संगणकात घेऊन साध्या प्लेअरमध्ये लावावा. प्लेअरमध्ये नीट चालतो आणि ब्राउझरमध्ये बिघडतो, तर ब्राउझरचा इलाज करावा. दोन्हीकडे बिघडतो, तर ड्रायव्हरकडे वळावे.

तिसरी परीक्षा : भार कोणावर आहे? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. 'परफॉर्मन्स' या पानावर प्रोसेसरचा वापर दिसतो. व्हिडिओ चालू असताना तो शंभर टक्क्यांना टेकला असेल तर गाठ सोडण्याचे काम प्रोसेसरवर पडले आहे. यूट्यूबवर चालू चित्रावर उजवे बटण दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडावे. त्यात 'कोडेक्स' या ओळीत एव्हीसी१ दिसले तर ती एच.२६४ ची गाठ. व्हीपी०९ दिसले तर व्हीपी९. एव्ही०१ दिसले तर एव्ही१. त्याच चौकटीत 'ड्रॉप्ड' हा आकडा असतो. तो भराभर वाढत असेल तर संगणकाला चित्रे वेळेवर उलगडता येत नाहीत असे समजावे.

चौथी परीक्षा : दोष तारेचा किंवा पडद्याचा आहे काय? पडद्यावर रेघा किंवा चुकीचे रंग दिसत असतील तर प्रिंट स्क्रीन ही कळ दाबून पडद्याचे चित्र घ्यावे, ते पेंटमध्ये साठवून फोनवर पाठवावे. फोनवर ते स्वच्छ दिसले तर बहुधा संगणकाच्या आतले चित्र ठीक आहे आणि दोष तारेत किंवा मॉनिटरमध्ये आहे. निळ्या टोकाची जुनी व्हीजीए तार सैल झाली की रंग उडतात. तार काढून घट्ट बसवावी, शक्य तर बदलून पाहावी.

पाचवी परीक्षा : दोष चिपचाच आहे काय? संगणक सुरू करताना विंडोज येण्यापूर्वी कंपनीचे चिन्ह दिसते. त्या वेळीच रेघा किंवा ठिपके दिसत असतील, आणि तार व मॉनिटर तपासून झालेले असतील, तर ड्रायव्हरचा प्रश्नच येत नाही, कारण ड्रायव्हर तोवर जागाच झालेला नसतो. तेव्हा यंत्र दुरुस्तीला न्यावे. सुरुवात स्वच्छ आणि विंडोज आल्यावर बिघाड, तर ड्रायव्हरचा संशय बळावतो.

ब्राउझरचा इलाज

आवाज चालू आणि चित्र काळे किंवा हिरवे, यावर पहिला इलाज म्हणजे ब्राउझरला ग्राफिक्स चिपकडे न जाण्यास सांगणे. क्रोम १०९ मध्ये उजवीकडचे तीन ठिपके, मग 'सेटिंग्ज', मग 'सिस्टिम' येथे जावे. 'यूज हार्डवेअर ॲक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल' असा खटका आहे, तो बंद करून 'रीलाँच' दाबावे. फायरफॉक्समध्ये 'सेटिंग्ज', 'जनरल', खाली 'परफॉर्मन्स'; तेथे 'यूज रेकमेंडेड परफॉर्मन्स सेटिंग्ज' ची खूण काढली की खाली हार्डवेअरची खूण दिसते, तीही काढावी आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा.

चित्र आले तर दोन गोष्टी सिद्ध झाल्या : ब्राउझर शाबूत आहे आणि दुभाषी कच्चा आहे. पण हा इलाज तात्पुरता आहे हे विसरू नये. आता सर्व भार प्रोसेसरवर आला आहे. ड्रायव्हर नीट बसवल्यावर हा खटका पुन्हा चालू करावा. उलट, व्हिडिओ केवळ अडखळत असेल तर तो खटका आधीपासूनच कोणी बंद करून ठेवला आहे काय, हे पाहावे. दुरुस्तीवाले असे करून जातात आणि सांगत नाहीत.

चिपला काम मिळते की नाही हे पाहण्याची सोय ब्राउझरमध्येच आहे. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि जीपीयू असे इंग्रजीत लिहावे. येणाऱ्या यादीत 'व्हिडिओ डीकोड' पुढे 'हार्डवेअर ॲक्सिलरेटेड' असेल तर चिप कामावर आहे. 'सॉफ्टवेअर ओन्ली' असेल तर नाही. फायरफॉक्समध्ये 'हेल्प' मधील 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' या पानावर 'ग्राफिक्स' हा भाग पाहावा.

गाठ नव्या पद्धतीची असल्यामुळे चित्र अडखळत असेल तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे व्हिडिओचा दर्जा उतरवणे. यूट्यूबच्या दातेरी चक्रातून ७२० किंवा ४८० निवडावे. मशिनची दुरुस्ती समजून घेण्यास ४८० पुरेसे असते. कापडाचे पोत पाहायचे असेल तर मात्र ते फोनवरच पाहावे किंवा मोठ्या आकाराचे छायाचित्र मागवावे. उतरवलेल्या दर्जावर पोताचा सौदा करू नये. दुसरा उपाय म्हणजे एच.२६४ ची गाठच मागणे. त्यासाठी फायरफॉक्समध्ये 'एन्हान्स्ड एच२६४इफाय' नावाची जोडणी आहे. ती मोझिलाच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावी. ती व्हीपी९ आणि एव्ही१ नाकारते आणि यूट्यूबकडून जुन्या पद्धतीचा व्हिडिओ मिळतो, जो जुन्या चिपला सोडता येतो.

इतर जोडण्यांमुळेही व्हिडिओ बिघडतो. फायरफॉक्सच्या 'हेल्प' मध्ये 'ट्रबलशूट मोड' आहे. त्यात सर्व जोडण्या काही वेळ बाजूला ठेवल्या जातात. त्यात चालले तर एकेक जोडणी काढून पाहावी.

ड्रायव्हरचा इलाज

सर्वप्रथम डिझाइन आणि हिशेब पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. मग 'सिस्टिम रीस्टोअर' मधून परतीचा टप्पा करून ठेवावा. हे केल्याशिवाय ड्रायव्हरला हात लावू नये, मग दुरुस्तीवाला कितीही घाई करो.

आता 'कॉम्प्युटर' वर उजवे बटण, 'मॅनेज', 'डिव्हाइस मॅनेजर', 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स' असे जावे. तेथे चिपचे नाव दिसेल. त्याऐवजी 'स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स ॲडॅप्टर' दिसले तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोज कामचलाऊ दुभाष्यावर चालली आहे. नुकतेच फॉरमॅट केलेल्या संगणकात हे नेहमी आढळते. कार्ड खराब झाले असे सांगून येथेच नवे कार्ड गळ्यात मारले जाते.

नावावर दोनदा दाबले की 'ड्रायव्हर' हे पान मिळते. बिघाड अलीकडे, एखादा नवा ड्रायव्हर आल्यानंतर सुरू झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबून पूर्वीचा परत आणावा. बिघाड जुना असेल तर नवीन ड्रायव्हर शोधावा. तो कोठून घ्यावा? लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, त्याच मॉडेलचा. कित्येक कंपन्या आपल्या लॅपटॉपसाठी ड्रायव्हरात बदल करून घेतात, त्यामुळे इंटेलचा सर्वसाधारण ड्रायव्हर तेथे 'हा या संगणकासाठी तपासलेला नाही' असे सांगून नकार देतो. टेबलावरचा संगणक असेल तर मदरबोर्डच्या किंवा इंटेल, एएमडी, एनव्हिडिया यांच्या अधिकृत स्थळावरून घ्यावा. विंडोज ३२ बिटची असेल तर ड्रायव्हरही ३२ बिटचाच लागतो, हे वहीत पाहून घ्यावे.

ड्रायव्हर बसवला तरी 'कोड ५२' असा इशारा येत असेल तर त्याची सबब वेगळी आहे. ड्रायव्हरवर कंपनीची डिजिटल सही असते. ही सही पूर्वी एसएचए-१ या पद्धतीने होत असे, पुढे एसएचए-२ पद्धत आली. जुन्या सीडीवरून ताजी बसवलेली विंडोज ७ ही नवी सही ओळखत नाही आणि खऱ्या ड्रायव्हरलाही खोटा समजते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ या दोन दुरुस्त्या त्यासाठीच दिल्या. त्या मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून, याच क्रमाने घ्याव्यात. सही तपासणेच कायमचे बंद करून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. दाराचे कुलूप अडते म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे ते आहे.

एका बाबतीत मात्र इलाज नाही. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या चिपसाठी विंडोज ७ चा अधिकृत ग्राफिक्स ड्रायव्हर सहसा मिळत नाही. नव्या चिपना नवी विंडोजच लागेल असे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केले होते. जुन्या सॉफ्टवेअरसाठी नव्या संगणकावर विंडोज ७ चढवणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावे.

सुताचे तंतू आणि उष्णता

'डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग अँड हॅज रिकव्हर्ड' असा संदेश येऊन पडदा मिटतो आणि उजळतो. याचा अर्थ असा की विंडोजने चिपला काम सांगितले, दोन सेकंद वाट पाहिली, उत्तर आले नाही आणि तिने ड्रायव्हर पुन्हा सुरू केला. कच्चा ड्रायव्हर हे एक कारण. आमच्या धंद्यात दुसरे कारण अधिक भेटते : उष्णता. यंत्रमागाच्या किंवा भरतकामाच्या कारखान्यात हवेत सुताचे तंतू असतात. ते पंख्यात शिरून थंड करणाऱ्या जाळीवर गादीसारखे बसतात. संगणक सकाळी नीट चालतो आणि तासाभराने पडदा मिटू लागतो, तर पाने बदलत बसण्यापूर्वी खोका उघडावा. वीज बंद करून, तार काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने किंवा हलक्या हवेने तंतू काढावेत. कारखान्यातील काँप्रेसरचा पूर्ण दाब वापरू नये. त्यात पाणीही असते. असे दर दोन-तीन महिन्यांनी करावे आणि संगणक जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावा.

इलाजाच्या नावाने दगा

व्हिडिओ चालेना की माणूस शोध घेतो आणि गाफील असतो. नेमक्या त्याच ठिकाणी फसवणारे बसलेले असतात. 'तुमचे ड्रायव्हर जुने आहेत, आम्ही मोफत तपासतो' म्हणणारे प्रोग्रॅम, 'हा व्हिडिओ पाहण्यासाठी कोडेक उतरवा' म्हणणारी पाने, 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा' म्हणणारे फलक, हे सर्व टाळावे. दूर बसून संगणक हाती घेणारा प्रोग्रॅम अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कधीही बसवू नये. विंडोज ७ ची भोके आता बुजवली जात नाहीत, त्यामुळे नव्या संगणकावर जे संकट टळते ते येथे घरात शिरते. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे.

कोठे थांबावे

वरील सर्व करूनही काही यंत्रांवर व्हिडिओ नीट चालणार नाही. तेव्हा हट्ट सोडून कामाची वाटणी करावी. जुना संगणक डिझाइनला आणि मशिनला ठेवावा, आणि त्याची इंटरनेटची तार काढून टाकावी. इंटरनेट नसेल तर तो आणखी काही वर्षे इमानाने काम देईल. व्हिडिओ, व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार, जीएसटीचे विवरण आणि बँक यांसाठी दुसरे साधन घ्यावे. बँकेचा पासवर्ड विंडोज ७ वर टाकू नये, व्हिडिओ चालो वा न चालो. चित्र काळे झाले तर सौदा उद्यावर जातो. खाते रिकामे झाले तर भांडवल जाते.

दुसरे साधन घेताना जुन्याच्या जागी आणखी एक जुने घेऊ नये. विंडोज १० चे सर्वसाधारण साह्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना दिलेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. वापरलेला संगणक घेताना दुकानदाराला पिढी विचारावी, त्याच्यासमोर 'डीएक्सडायग' उघडून पाहावे, आणि यूट्यूबवर एक व्हिडिओ लावून 'ड्रॉप्ड' चा आकडा पाहावा. या परीक्षेला पाच मिनिटे लागतात.

ज्याला लगेच खर्च झेपत नाही त्याला आणखी एक वाट आहे. लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली पेन ड्राइव्हवरून, संगणकात काहीही न बसवता चालवून पाहता येते. तिच्यात त्याच यंत्रावर व्हिडिओ नीट चालला तर यंत्र शाबूत आहे आणि दोष विंडोजच्या जुनेपणाचा आहे, हे निर्विवाद ठरते. मात्र विंडोजचे डिझाइन सॉफ्टवेअर तिच्यावर तसेच चालेल असे समजू नये.

आमच्या कारागीर आणि व्यापारी बांधवांना शेवटचा सल्ला एवढाच की दुरुस्तीवाल्याला बोलवायचेच असेल तर वही समोर ठेवून बोलवावे. 'चालत नाही' असे न सांगता 'आवाज येतो, चित्र येत नाही, फायरफॉक्समध्येही तसेच, प्लेअरमध्ये चालते, खटका बंद केल्यावर आले, ड्रायव्हर अमुक तारखेचा आहे' असे सांगावे. जो ऐकून घेऊन त्या ठिकाणी हात घालतो त्याला काम द्यावे. जो न ऐकता 'फॉरमॅट' म्हणतो, त्याला आपली डिझाइन आणि खाती पुसण्याचा अधिकार देऊ नये.